ओढाताणीचा शब्द
'डिस्ट्रॅक्ट' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ मी वर्गात 'लक्ष दुसरीकडे वळविणे' असा सांगतो. रडत्या मुलाला आई काऊ-चिऊ दाखविते, तेही हेच. मूळ लॅटिन अर्थ मात्र दांडगा: ओढून अलग करणे! ट्रॅक्टरदेखील याच 'ओढण्या'च्या कुळातला. शेक्सपियरच्या काळी वेड लागण्यालाही हाच शब्द लावीत. १६०८ साली छापलेल्या 'किंग लिअर'मध्ये, डोळे काढले गेलेला म्हातारा ग्लॉस्टर राजाचे वेड पाहून म्हणतो, आपणही असेच 'डिस्ट्रॅक्ट' झालो असतो तर बरे. निदान विचार दुःखापासून तुटले असते. कोशाची दहा पाने चाळूनही जे उमगू नये, ते येथे एकदम उमगते. पुढे शब्दातले वेड ओसरले. 'डिस्ट्रॉट' या त्याच्या भावंडात मात्र दुःखाने सैरभैर होणे अजून शिल्लक आहे.