आंग्रे, तुळाजी

आंग्रे, तुळाजी : (अठरावे शतक). मराठी आरमाराचा सरखेल व कान्होजी आंग्रे याचा पुत्र. सु. १७४३ पासून १७५६ पर्यंत सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग भागातील आंग्र्यांच्या दौलतीचा तो धनी होता. इंग्रजी कागदपत्रांत त्याचा उल्लेख सर्वत्र ‘चाचा’ म्हणून येतो, तर मराठी कागदांत तो प्रथम सरखेल व पुढे बंडखोर ठरतो. राजसत्तेच्या सनदेने समुद्रावर अंमल करणारा पुरुष चाचा केव्हा व कोणाच्या दृष्टीने ठरतो, हा त्याच्या चरित्रातील मध्यवर्ती प्रश्न होय.

पूर्वपीठिका : मराठी आरमाराचा आरंभ ठाणे जिल्ह्याच्या खाड्यांत झाला. छ. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण व भिवंडी घेतल्यावर उल्हास नदीच्या खाडीत जहाजबांधणी सुरू केली. १६५९ च्या सुमारास रुई लैतांव व्हियेगस हा पोर्तुगीज कारागीर आपल्या लोकांसह तेथे काम करीत होता. या आरमाराचे पुढे कान्होजी आंग्रे (१६६९–१७२९) याने सामर्थ्यात रूपांतर केले. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यास सरखेल हे पद मिळाले. तो आरंभी ताराबाईंच्या पक्षात होता. पण १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथाने त्यास शाहूच्या पक्षास वळविले आणि सरखेली व किनाऱ्यावरील किल्ले त्याच्याकडे कायम झाले.

कान्होजीच्या सत्तेचा कणा म्हणजे दस्तक. आंग्र्यांचे दस्तक घेतल्याशिवाय कोकण किनाऱ्याने व्यापारी जहाजाने जाऊ नये, गेल्यास ते पकडले जाईल, असा त्याचा दंडक होता. ही पद्धत त्याने शोधून काढली नव्हती. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून ‘कार्ताझ’ नावाचा परवाना सक्तीने देत आणि तो नसलेली जहाजे जप्त करीत. इंग्रजही आपले परवाने देत. भेद इतकाच, की यूरोपीय सत्ता स्वतःच्या परवान्यास कायदा व आंग्र्यांच्या परवान्यास लूट म्हणत. १७२० मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात विजयदुर्गावर झालेली इंग्रजांची स्वारी फसली. त्यानंतर लंडनमध्ये १७३७ साली छापलेल्या क्लेमंट डाउनिंगच्या पुस्तकाच्या शीर्षकातच आंग्र्याचा उल्लेख चाचा म्हणून आला.

या संज्ञांची अस्थिरता समकालीन यूरोपीय उदाहरणावरूनही स्पष्ट होते. विल्यम किड या दर्यावर्द्यास इंग्लंडच्या राजाने १६९६ मध्ये चाचे व फ्रेंच जहाजे पकडण्याची सनद दिली होती. १६९८ च्या आरंभी मलबार किनाऱ्यानजीक त्याने ‘केदा मर्चंट’ हे जहाज पकडले. त्यावर आर्मेनियन व्यापाऱ्यांचा माल होता व जवळ फ्रेंच परवाना होता. हेन्री एव्हरीने १६९५ मध्ये ‘गंज-इ-सवाई’ हे मोगल जहाज लुटल्यामुळे मोगल दरबार आधीच क्रुद्ध होता आणि कंपनीच्या व्यापारास त्याची झळ पोहोचली होती. सनदधारी किड चाचा ठरून १७०१ मध्ये लंडनला फाशी गेला. त्याच्या बचावास आवश्यक असलेले फ्रेंच परवाने खटल्याच्या वेळी पुढे आलेच नाहीत. सनद देणाऱ्याची मर्जी फिरली की सनद निरुपयोगी होते, हा धडा पुढे तुळाजीसही मिळाला.

सरखेली व उत्कर्ष : कान्होजीनंतर त्याचा ज्येष्ठ पुत्र सेखोजी सरखेल झाला, परंतु १७३३ मध्ये तो वारला आणि संभाजी व मानाजी या भावांत तंटा सुरू झाला. पहिल्या बाजीरावाने १७३५ मध्ये दौलतीची वाटणी केली. कुलाबा मानाजीकडे व सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाचा दक्षिण भाग सरखेलीसह संभाजीकडे गेला. या वाटणीने घरातील भांडण मिटले नाही. उलट एका आरमाराची दोन आरमारे झाली आणि त्यांचा निवाडा करण्याचा अधिकार पेशव्याकडे आला. संभाजी १७४२ मध्ये मरण पावला व त्याच्यानंतर शाहूने तुळाजीस सरखेली दिली.

तुळाजीने १७४५ मध्ये सिद्दीकडून अंजनवेल व गोवळकोट हे किल्ले घेतले. अंजनवेलीस गोपाळगड हे नाव त्या वेळी मिळाले. दाभोळच्या खाडीच्या मुखावरील हे ठाणे हाती आल्यामुळे शाहूची जुनी इच्छा पुरी झाली. या वेळी तुळाजी हा छत्रपतींचा आज्ञाधारक सेनानी होता, यात शंका नाही.

त्याच्या आरमारात मुख्यतः दोन प्रकारची जहाजे होती. गुराब हे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, उथळ पाण्यात चालणारे जहाज असून मोठ्या गुराबेचे वजन ३०० टनांपर्यंत असे. तिच्या पुढे आलेल्या नाळेवरून तोफा डागता येत. गलबत लहान, क्वचितच ७० टनांहून अधिक व ४०-५० वल्ह्यांचे असे. वारा पडल्यावर गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या जहाजाच्या पिछाडीस नेत, कारण तेथे त्याच्या तोफा कमी असत. गुराबांनी त्याच्या डोलकाठ्या पाडल्या, की गलबतांतील सैनिक चोहोबाजूंनी जहाजावर चढत. खोल समुद्रात मोठ्या लढाऊ जहाजांपुढे हे तंत्र अपुरे पडे. परंतु खाड्या, बेटे व मंद वारे यांच्या किनाऱ्यावर ते फार परिणामकारक होते.

तुळाजीने १७४९ मध्ये मुंबईकर इंग्रजांचे ‘रेस्टोरेशन’ हे लढाऊ जहाज पकडले. १७५४ च्या आरंभी त्याच्या आरमाराने ५०, ३६ व १८ तोफांच्या तीन डच जहाजांवर हल्ला केला. त्यांपैकी दोन नष्ट झाली व तिसरे हाती आले. आशियाई सत्तेने यूरोपीय जहाजांचा केलेला हा पराभव त्या काळी अपवादात्मक होता. त्याच्या भयाने इंग्रज व्यापारी जहाजे लढाऊ जहाजांच्या पहाऱ्यात जथ्याने जात आणि या पहाऱ्याचा खर्च कंपनीस जड होत असे.

पेशव्यांशी वितुष्ट : शाहू १७४९ च्या डिसेंबरात वारला आणि सत्तेचे केंद्र साताऱ्याहून पुण्यास गेले. सरखेली छत्रपतींची असल्यामुळे आपण पेशव्याचे चाकर नव्हे, अशी तुळाजीची भूमिका होती. तो ताराबाईंच्या पक्षाकडे झुकला, त्याने पेशव्यास खंडणी देण्याचे नाकारले आणि शेजारच्या मराठी मुलखासही उपद्रव दिला. सावंतवाडीकरांशी त्याचे वैर होते व कुलाब्याच्या मानाजीशी तर हाडवैर होते. त्याच्याविषयीची तक्रार इंग्रजांपुरती मर्यादित नव्हती, हे त्याचे समर्थन करताना विसरता येत नाही. पेशव्याच्या वकिलांची त्याने नाके कापली, अशी कथा अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासलेखनात येते. ती शत्रुपक्षाकडून आली आहे, हे लक्षात घेऊनच तिचे मूल्य ठरवावे लागते.

बाळाजी बाजीरावाने त्याच्या बंदोबस्तासाठी मुंबईकर इंग्रजांचे साहाय्य घेतले. कोकणचा सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर याने गव्हर्नर रिचर्ड बुर्शियर याच्याशी बोलणी करून १९ मार्च १७५५ रोजी करार केला. कल्याणचा सुभेदारवाडा ज्याच्या नावाशी निगडित आहे, तोच हा रामाजी. ज्या सुभ्यात मराठी आरमाराचा पाया घातला गेला, त्याच सुभ्याच्या अधिकाऱ्याने त्याच्या बलिष्ठ शाखेच्या उच्छेदाचा करार केला. करारान्वये समुद्रावरील मोहिमेचे आधिपत्य इंग्रजांकडे, किल्ल्यांतील द्रव्य व तोफा पेशव्याकडे आणि बाणकोट व हिंमतगड इंग्रजांकडे जावयाचे होते.

पाडाव : कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ या ४४ तोफांच्या जहाजासह निघाला व एप्रिल १७५५ च्या आरंभी त्याने सुवर्णदुर्ग घेतला. पाठोपाठ बाणकोटही शरण आला. पावसाळ्यानंतर ॲडमिरल चार्ल्स वॉटसनचे आरमार मुंबईस आले. ‘केंट’, ‘कंबरलँड’, ‘टायगर’ व ‘सॉल्झबरी’ ही राजाची जहाजे, कंपनीची जहाजे आणि रॉबर्ट क्लाइव्हच्या हाताखालील सु. ८०० यूरोपीय व १,००० हिंदी शिपाई फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गापुढे दाखल झाले. खंडोजी मानकर व रामाजी महादेव यांच्या फौजा जमिनीवर होत्या. वाटाघाटींसाठी तुळाजी मराठी छावणीत गेला आणि तेथेच अडकला. किल्ला मराठ्यांच्या हाती परस्पर जाईल, या शंकेने इंग्रजांनी मारा सुरू केला. एक गोळा ‘रेस्टोरेशन’वर पडून ती पेटली आणि एकत्र बांधलेल्या गुराबा व गलबते तिच्या आगीत भस्म झाली. पूर्वी शत्रूकडून जिंकलेले जहाजच आंग्र्यांच्या आरमाराच्या नाशास कारण झाले. १३ फेब्रुवारी रोजी किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला.

किल्ल्यात सु. १० लाख रुपयांची लूट मिळाली. ती वाटून घेण्याचे इंग्रज अधिकाऱ्यांनी आधीच ठरविले होते आणि करारातील कलम बाजूस सारून त्यांनी ती वाटून घेतली. विजयदुर्ग सोडण्यासही त्यांनी टाळाटाळ केली. अखेर १२ ऑक्टोबर १७५६ च्या तहाने तो पेशव्यास परत मिळाला व बाणकोट इंग्रजांकडे राहिले. तुळाजीचे उर्वरित आयुष्य पेशव्यांच्या कैदेत निरनिराळ्या किल्ल्यांवर गेले आणि कैदेतच त्याचा अंत झाला. त्याचे दोन पुत्र कालांतराने कैदेतून निसटले व त्यांनी मुंबईस इंग्रजांचाच आश्रय घेतला.

परिणाम व मूल्यमापन : विजयदुर्गावरून वॉटसन व क्लाइव्ह मद्रासला व तेथून बंगालला गेले आणि १७५७ मध्ये प्लासीची लढाई झाली. पेशव्याने विजयदुर्गी नवे आरमार उभारले. त्याचा प्रमुख आनंदराव धुळप याने १७८३ मध्ये इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज पकडले; तथापि मुंबईस सतत धाक घालण्याचे सामर्थ्य पुन्हा निर्माण झाले नाही. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७३७ पासून मराठ्यांकडे असलेली साष्टी त्यांच्या हातून कायमची गेली. साष्टीचा हा शेवट केवळ तुळाजीच्या पाडावामुळे झाला असे म्हणता येणार नाही. परंतु मुंबईच्या दक्षिणेकडील धाक नाहीसा झाल्याने इंग्रजांचे हात मोकळे झाले, हे खरे.

इंग्लंडमध्ये या विजयाची ख्याती टिकून राहिली. जेम्सच्या विधवेने त्याच्या स्मरणार्थ लंडनजवळ शूटर्स हिल येथे १७८४ मध्ये बांधलेला मनोरा सुवर्णदुर्गाच्या अपभ्रष्ट नावाने, ‘सेव्हर्नड्रूग’ म्हणून, ओळखला जातो. चित्रकार डॉमिनिक सेरेसने विजयदुर्गी जळणाऱ्या आरमाराचे चित्र रंगविले. कोकणात मात्र तुळाजीपेक्षा कान्होजीचीच स्मृती अधिक जागती आहे. भारतीय नौदलाच्या मुंबईतील तळास ‘आंग्रे’ हे नाव आहे, त्यामागेही कान्होजीच उभा आहे. पराभूत व स्वकीयांच्याच कैदेत मेलेल्या पुत्रास असे स्मारक लाभले नाही.

तुळाजी उद्दाम होता व मराठी राज्यातील बदललेला सत्तेचा तोल त्याने ओळखला नाही. तरीही त्याचे दस्तक, त्याचे किल्ले आणि त्याची सरखेली ही राजमान्य होती. सामान्य चाच्याजवळ यांपैकी काहीच नसते. त्यास आवर घालण्याचा पेशव्याचा अधिकार मान्य केला, तरी त्यासाठी परकीय आरमाराला आपल्या किनाऱ्यावर आणण्याचे धोरण अदूरदर्शी ठरले. सरदाराचे बंड मोडता आले असते. जळालेले आरमार मात्र पुन्हा त्या तोडीचे उभे राहिले नाही.