शहराच्या वेशीवर घर घेताना

बचत गटाच्या बैठकीत कर्जाचं कारण विचारलं, की हल्ली एक उत्तर वरचेवर ऐकू येतं. "लेकाला पुण्याकडं जागा घ्यायचीय." कुणाचा मुलगा चाकणच्या कंपनीत आहे, कुणाची लेक-जावई हडपसरला भाड्यानं राहतात, कुणाचं सगळं घरच सोलापूरच्या कडेला जायच्या विचारात आहे. त्यासाठी कुणी गटाचं कर्ज काढतं, कुणी अंगावरचं सोनं मोडतं, कुणी एकरभर रान विकून शहराच्या कडेला एक गुंठा घेतं. चाळीस गुंठ्यांचा एकर देऊन एक गुंठा घ्यायचा, तर तो कुठं घ्यायचा हे नीट ठरवायला हवं. म्हणून आज आम्ही या प्रश्नाचा इतिहास सांगणार आहोत. शहराच्या वेशीवर माणसं कशी वसली, कुणाचं बरं झालं, कुणाला भोगावं लागलं आणि त्यात बाईच्या वाट्याला काय आलं, ते बघू.

सुरुवात आपल्यापासून करू. आपला धाराशिव जिल्हा कमी पावसाचा. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, पण पोटासाठी शेजारच्या इंग्रजी मुलखातलं सोलापूर जवळ होतं. सोलापूरला रेल्वे आली १८६० मध्ये आणि पहिली कापड गिरणी निघाली १८७७ मध्ये. तिलाच लोक जुनी मिल म्हणत. आपल्याकडं मात्र गाडी उशिरा आली. बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली आणि १९११ मध्ये येडशीवरून लातूरला पोचली, पण धाराशिव गाव तिच्या वाटेवर नव्हतं. जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे मिळाली ती थेट २००७-०८ च्या सुमारास, त्या छोट्या गाडीची मोठी लाईन झाली तेव्हा.

याचा अर्थ असा, की आपल्या माणसाला सकाळी शहरात जाऊन संध्याकाळी घरी यायची सोय नव्हती. जायचं तर बिऱ्हाड घेऊनच जायचं. सोलापूरच्या गिरणीत जो लागला, तो गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात, चाळीत नाहीतर पेठेत खोली घेऊन राहिला. खोली अंधारी असेना का, पाळी सुटली की पायी घर गाठता येत होतं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून थकलेली कितीतरी कुटुंबं पुढं पुण्या-मुंबईला गेली, तीही अशीच, कामाजवळ जागा मिळेल तिथं.

मुंबईत गोष्ट वेगळी घडली, ती लोकलमुळं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीच्या चाळींमध्ये माणसं पटापट दगावली. मग १८९८ मध्ये सरकारनं सुधार ट्रस्ट नेमला आणि दादर-माटुंग्याकडं रस्ते आखून, गटारं बांधून, मोकळी हवा ठेवून नवी वस्ती वसवली. १९२५ मध्ये विजेवरची गाडी सुरू झाली. भाडं परवडेल तिथं राहायचं आणि काम असेल तिथं गाडीनं जायचं, ही रीत पडली. पुढं डोंबिवली, कल्याण, बदलापूर अशी गावं नोकरदारांच्या घरांनी भरली.

पण स्वस्त घराची किंमत वेळेत मोजावी लागली. पहाटे उठून डबे करायचे, गर्दीत लोंबकळत जायचं, रात्री परत येताना गाडीतच भाजी निवडायची. नोकरी करणाऱ्या बायकांची संख्या एवढी वाढली, की १९९२ च्या मे महिन्यात चर्चगेट ते बोरिवली अशी फक्त महिलांसाठीची गाडी सोडावी लागली. घर लांब असलं की बाईचा दिवस दोन्ही टोकांनी ताणला जातो, हे तिथं दोन-तीन पिढ्यांनी अनुभवलं आहे.

आता पुण्याकडं वळू, कारण आपली बहुतेक मुलं तिकडंच जातात. १९५४ मध्ये पिंपरीला सरकारी पेनिसिलीनचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या रानात कारखाने आले. १९७० मध्ये तिथं नगरपालिका झाली आणि १९८२ मध्ये महापालिका. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. १९७२ मध्ये कामगारांच्या घरांसाठी पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण नेमलं गेलं. निगडी-आकुर्डीकडं आजही लोक नुसतं 'प्राधिकरण' म्हणतात, ते हेच. तिथं आधी रस्ते आखले, शाळेला आणि बागेला जागा राखली, मग प्लॉट पाडले.

पण प्राधिकरणातला प्लॉट सगळ्यांना कुठला मिळायला? कारखान्यात लागलेली माणसं पुष्कळ आणि आखलेली जागा थोडी. उरलेल्यांनी आजूबाजूच्या गावांत शेतकऱ्याकडून एक-एक, दोन-दोन गुंठे घेतले. कागद बऱ्याचदा नुसता स्टँपवरचा. रस्ता दोन घरांच्या मधून उरेल तेवढा. पाण्याला बोअर, नाहीतर टँकर. अशा वस्त्या साऱ्या राज्यात एवढ्या वाढल्या, की २००१ मध्ये सरकारला त्या नियमित करण्यासाठी गुंठेवारीचा कायदा करावा लागला. म्हणजे आधी घरं झाली आणि कायदा मागून आला. मधल्या वर्षांत त्या घरांत राहणाऱ्या बायांनी हंडे वाहिले आणि 'घर पाडतील का' या घोरात रात्री काढल्या.

हीच गोष्ट पुढं मोठ्या इमारतींच्या बाबतीत झाली. पुण्याच्या कडेची ११ गावं २०१७ मध्ये महापालिकेत आली आणि आणखी २३ गावं २०२१ मध्ये. दुसऱ्या यादीत वाघोली, मांजरी अशी गावं होती. आठ-दहा मजल्यांच्या इमारती तिथं आधीच झाल्या होत्या. नळाचं पाणी, मोठी गटारं, रुंद रस्ते मागून यायचे होते. दहाव्या मजल्यावर राहून टँकरच्या पाण्याचे पैसे महिन्याला भरणारी आपली माणसं तुमच्या नात्यातही असतील. गावाकडं विहीर आटली म्हणून शहराजवळ गेलो आणि तिथंही टँकरचीच वाट बघतो, असं होऊ नये म्हणून हा इतिहास माहीत हवा.

आता सोलापूरची एक गोष्ट ऐका. सोलापूरच्या गिरण्या पुढं एकेक करून बंद पडल्या. त्या शहरात हजारो बाया घरी बसून विड्या वळतात. भाड्याच्या खोलीत सूप मांडीवर घेऊन दिवसभर वळायचं आणि वळलेल्या विड्या कारखान्याच्या ब्रँचमध्ये नेऊन मोजून द्यायच्या. त्या बायांनी संघटना बांधली, माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकारानं मोर्चे काढले, सहकारी गृहनिर्माण संस्था केली. शहराबाहेर कुंभारीच्या माळावर जमीन घेतली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि स्वतः विडी कामगार बाई, तिघांनी खर्चाचा वाटा उचलला. २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिथल्या १०,००० घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. वसाहतीला नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं, वारली आदिवासींच्या लढ्यात उभ्या राहिलेल्या बाईचं. पुढं त्याच भागात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचं रे नगर ठरलं. त्यातल्या पहिल्या १५,००० घरांचं वाटप १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झालं.

यात आमच्या मते सगळ्यांत मोठं काय? घर विडी कामगार बाईच्या स्वतःच्या नावावर झालं. नवऱ्याशी पटलं नाही, सासरच्यांनी बाहेर काढलं, तरी दार तिचंच. आणि एकट्या-दुकटीनं गुंठा घेतला असता तर रस्ता, पाणी, शाळा कुणाकडं मागितली असती? दहा हजारजणी एकत्र होत्या म्हणून मागता आली. पण माळ शहरापासून दहा-बारा किलोमीटर. कामाला, दवाखान्याला, बाजाराला जायचं तर बस नाहीतर रिक्षा हवीच. घर हक्काचं झालं, तरी रोजच्या वाटेचा खर्च कमाईतून निघतोच. तो आधीच हिशेबात धरायला हवा.

जागा निवडायची म्हणजे काय, हे खरं तर आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. त्यानंतर आपल्या उमरगा-लोहाऱ्याकडची आणि शेजारच्या लातूरची मिळून ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसली. नवी गावं शहरासारखी सरळ रांगांत आखली. घरं पक्की मिळाली, त्याचा आधार मोठा होता. पण जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणी लांब गेल्या, रान लांब पडलं, गाव पसरलं आणि बायकांची पायपीट वाढली. ज्या गावांत पडझड झालेली घरं दुरुस्त करायची होती, तिथं महिला मंडळातल्या बायांना संवाद सहायक म्हणून नेमलं. त्यांनी घरमालकाला पैसे कसे मिळतात, भिंत कशी बांधायची, हे समजावलं आणि लोकांचं म्हणणं सरकारपर्यंत पोचवलं. घराच्या बाबतीत बाईला विचारलं तर काम नीट होतं, हे आपल्याच गावांनी तेव्हा पाहिलं.

आता एक तिसरी वाटही हळूहळू रुंद होत आहे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना निम्मं तिकीट झालं. तुळजापूर ते सोलापूर सुमारे ४५ किलोमीटर. गावात किंवा तालुक्याला राहून रोज सोलापूरला कामाला, कॉलेजला जाणं आता काहीजणींना परवडतं. शिवाय सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या नव्या रेल्वेमार्गाचं काम चालू आहे. मुंबईच्या लोकलनं जे केलं, ते थोड्या प्रमाणात आपल्याकडंही होईल. म्हणजे सोय येईल, तसे जमिनीचे भावही चढतील आणि 'स्टेशनजवळचा प्लॉट' म्हणून कुठलाही माळ विकणारे दलालही येतील. तेव्हा पुण्याला जायचं, सोलापूरच्या कडेला राहायचं की इथूनच ये-जा करायची, हे तिन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडून बघा.

आणि जागा बघायला घरातली बाई गेल्याशिवाय व्यवहार करू नका. शक्यतो मे महिन्यात जा. दलालाच्या गाडीतून न जाता बसनं जा, म्हणजे उतरल्यावर किती चालावं लागतं ते कळेल. तिथं आधी राहायला आलेल्या बाईला गाठा आणि विचारा. उन्हाळ्यात नळ आठवड्यातून किती वेळा येतो? टँकरला महिन्याला किती जातात? रात्रीची शेवटची बस किती वाजता? लेकरू शाळेत पायी जाऊ शकतं का, मधे हमरस्ता ओलांडावा लागतो का? बाळंतपणाची अडचण रात्री आली तर कुठं नेतात? हिला नाही म्हणायला काही कारण नसतं, ती खरं सांगते.

मग कागद बघा. जमीन बिगरशेती झाली आहे का, सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे, बोजा आहे का, खरेदीखताची नोंदणी होणार की नुसता स्टँप. ८ पेक्षा जास्त घरांचा किंवा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा प्रकल्प असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागा. हे कार्यालय २०१७ पासून आहे. तुकडेबंदी आणि गुंठेवारीचे नियम मधून मधून बदलतात. म्हणून शेजाऱ्याला चालून गेलं म्हणून आपल्यालाही चालेल असं धरू नका, दुय्यम निबंधकाकडं त्या दिवसाचा नियम विचारा.

आणि नाव. १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. वीस लाखांच्या घराला वीस हजार वाचतात. "बाईच्या नावावर कशाला" म्हणणाऱ्याला आधी हा हिशेब सांगा. सोनं तुमचं मोडलं, कर्ज गटातून तुमच्या सहीनं निघालं, तर खरेदीखतावरही तुमचं नाव असावं, यात मागण्यासारखं काही जास्त नाही.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गटातल्या कुणाकुणाची माणसं कोणत्या शहराच्या कडेला राहतात, तिथं पाणी कसं आहे, वाट कशी आहे, घर कुणाच्या नावावर आहे, एवढं एका वहीत लिहून काढा. जिच्या घरी व्यवहार निघेल, तिला ती वही आधी दाखवा.