पडद्यावरील भय आणि कागदावरील चित्र

भयकथेची आवड मनुष्यास फार पुरातन आहे. वेतालपंचविशी आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या वाचली गेली, ती याच आवडीमुळें. पुढें चित्रपट आला आणि या आवडीस नवें साधन मिळालें. परंतु त्यांत एक उणीव होती. मोठ्या शहरांत काय किंवा यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणीं काय, चित्रपटाचा मुक्काम हलला कीं तो पुन्हां पाहावयास मिळण्याची शाश्वति नसे.

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न अमेरिकेंत १९३९ सालीं झाला. त्या वर्षीं ‘मूव्ही कॉमिक्स’ हें चित्रकथांचें मासिक निघालें. बोरिस कार्लोफ व बेला लुगोसी यांच्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ या भयपटाची कथा त्याच्या पहिल्याच अंकांत होती. ती चित्रकारानें नव्यानें रेखाटलेली नव्हती. चित्रपटाचींच छायाचित्रें कापून, त्यांवर रंग चढवून, पात्रांच्या मुखाशीं संवाद जोडून पानें सजविलीं होतीं. सहा अंक निघून त्याच वर्षीं तें मासिक बंद पडलें. भय केवळ राक्षसाच्या मुखवट्यांत नसतें. दार उघडण्यापूर्वींच्या विलंबांत, पावलांच्या आवाजांत तें असतें. नुसतीं छायाचित्रें ओळीनें लावून हा विलंब साधत नाहीं. त्यासाठीं चित्रांची योजनाच निराळी करावी लागते.

अशा योजनेचें उदाहरण मराठी माणसानेंच घालून दिलें आहे. १९९३ सालीं विदर्भांतील नागझिऱ्याच्या अरण्यांत राही अनिल बर्वे यांनीं नारायण धारप यांची एक भयकथा मित्राच्या तोंडून ऐकली. तिचा ठसा त्यांच्या मनावरून पुसला गेला नाहीं. चित्रीकरणापूर्वीं त्यांनीं सुमारें ७०० पानांची चित्रमालिका तयार केली, आणि २०१८ सालीं ‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. अमेरिकेंत चित्रपट पडद्यावरून कागदावर उतरला होता. येथें तो कागदावरून पडद्यावर चढला.

कागदाची खरी योग्यता मात्र चित्रपट नष्ट झाल्यावर कळते. ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ हा लॉन चेनी याचा १९२७ चा रहस्यमय मूकपट. त्याची ज्ञात असलेली शेवटची प्रत कंपनीच्या गोदामास १९६५ सालीं लागलेल्या आगींत जळाली, असें मानतात. २००२ सालीं उरलेल्या छायाचित्रांवरून त्याची कथा पुन्हां जुळविण्यांत आली. महाराष्ट्रासही हें दुःख अपरिचित नाहीं. पुण्यास प्रभात कंपनीच्या जुन्या आवारांत २००३ सालीं लागलेल्या आगींत जुन्या फिल्मच्या कित्येक रिळांची राख झाली.

आपल्याकडे चित्रपटगृहांत गाण्यांच्या पुस्तिका विकल्या जात. त्यांत पात्रपरिचय, छायाचित्रें आणि कथासार असे; रहस्याच्या ऐन जागीं कथासार थांबे आणि उरलेलें पडद्यावर पाहण्यास सुचविलें जाई. ज्या चित्रपटांचीं रिळें उरलीं नाहींत, त्यांची आठवण आतां अशा पुस्तिकाच देतात. १९६४ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें त्या जमविल्या आहेत. परंतु कित्येक अद्याप घरोघरच्या ट्रंकांतून पडून असतील. रद्दीच्या गठ्ठ्यांत घालण्यापूर्वीं त्या एकदां उलगडून पाहाव्यात, हें बरें.