रत्नागिरीच्या समुद्रावरून गेलेले चित्र

रत्नदुर्गाच्या तटावरून, भगवतीच्या देवळापलीकडे पसरलेला समुद्र न्याहाळताना, इथली बंदरे आदिलशाही अंमलाखाली असताना याच किनाऱ्यालगत उत्तरेस गेलेल्या एका ख्रिस्ती चित्राचे मला हटकून स्मरण होते. पाद्र्यांना दरबारी बोलावणारे अकबर बादशहाचे फर्मान गोव्यास पोचल्यावर रुदोल्फ अक्वाविवा, मोन्सेरात आदी जेझुइट पाद्री नोव्हेंबर १५७९ मध्ये गलबताने दमणकडे निघाले आणि पुढे खुष्कीच्या मार्गाने फेब्रुवारी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीस दाखल झाले. त्यांच्यासोबत आलेले ते चित्र, म्हणजे बाळ येशूला हाती धरलेल्या मरियेची, रोममधील प्राचीन प्रतिमेवरून उतरविलेली प्रतिकृती तेथील प्रार्थनागृहात मांडली गेली, तेव्हा पागोटे उतरवून बादशहाने तिला आदरपूर्वक वंदन केले. नजराण्यात आलेल्या आठ खंडांच्या बायबलातील, तांब्यावर कोरून छापलेली चित्रे पाहून शाही कारखान्यातील चितारी छायाप्रकाशाची ती रीत आत्मसात करू लागले; त्यांच्यापैकी केशवदासाने १५८८ च्या सुमारास संत मत्तय आणि देवदूत यांचे चित्र रंगविले. परक्या धर्मकथेला आपल्या कुंचल्याने इतक्या आत्मीयतेने सजविणाऱ्या त्या हातांचे औदार्य हाच मला या इतिहासाचा सर्वांत मोलाचा ठेवा वाटतो.