परदेशातली पदवी आणि घरातलं लेकरू : दोन रमाबाईंचा हिशेब

दर वर्षी ७ फेब्रुवारीला आपण रमाई जयंती साजरी करतो. विहारात, समाजमंदिरात भाषणं होतात आणि बहुतेक भाषणांत एकच शब्द फिरत राहतो : त्याग. बाबासाहेब तिकडे अमेरिकेत, लंडनमध्ये शिकत होते आणि रमाईने इकडे संसार ओढला, म्हणून प्रत्येक मुलीने रमाई व्हावे, असे सांगून वक्ता खाली बसतो. टाळ्या वाजतात. समोर बसलेल्या पोरींपैकी एखादीला स्वतःच परदेशात शिकायला जायचे असेल आणि तिच्या कडेवर दोन वर्षांचे लेकरू असेल, तर तिने या भाषणातून काय घ्यायचे, हे मात्र कुणी सांगत नाही.

रमाईच्या मोठेपणाबद्दल वाद नाही. वाद आहे तो 'त्याग' या शब्दाने काय झाकले जाते याबद्दल. आई किंवा बाप परदेशात शिकायला जातो तेव्हा लेकराला कोण खाऊ घालते, त्याच्या तापाची रात्र कोण जागते आणि त्याचा खर्च कुणाच्या नावावर पडतो? महाराष्ट्रात या प्रश्नाला किमान १४० वर्षांचा इतिहास आहे. तो आपण वाचला पाहिजे, कारण आज शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या आपल्या भावा-बहिणींसमोर हाच प्रश्न उभा आहे.

लेकराला सोबत नेणारी रमाबाई

२० एप्रिल १८८३ रोजी पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. नवरा बिपिन बिहारी मेधावी आदल्या वर्षी वारले होते. मुलगी मनोरमा नुकतीच दोन वर्षांची झाली होती. रमाबाईंना वैद्यकीय शिक्षण घ्यायचे होते. 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीतून आलेला पैसा प्रवासाच्या कामी आला. म्हणजे ही बाई विधवा, विद्यार्थिनी आणि दोन वर्षांच्या मुलीची आई अशी तिन्ही एकाच वेळी होती.

इंग्लंडात वाँटेज या गावी ख्रिस्ती सिस्टरांच्या मठात दोघींची सोय झाली. सोय फुकट नव्हती. पुण्याला जाणाऱ्या सिस्टरांना रमाबाई मराठी शिकवत. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी तिथे आत्महत्या केली. परक्या देशात एकुलती सोबतीण गेली आणि पदरात लहान मूल. पुढे ऐकू कमी येत असल्याने डॉक्टरकीचा विचार सोडावा लागला. मग चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्या एकीकडे संस्कृत शिकवू लागल्या आणि दुसरीकडे गणित, विज्ञान, इंग्रजी शिकू लागल्या. अभ्यास, शिकवणी आणि लेकराचे संगोपन असा तिहेरी दिवस.

सप्टेंबर १८८३ मध्ये आई आणि मुलगी दोघींचा बाप्तिस्मा झाला होता. तरीही खरा संघर्ष त्यानंतरच सुरू झाला. त्यांच्या सांभाळाची जबाबदारी असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. पण याच आजीबाईंशी त्यांचा पत्रव्यवहार वाचला की घरातल्या रोजच्या गोष्टींवरून किती झटापट झाली ते दिसते. काय खायचे, काय खायचे नाही, मनोरमेने कोणती प्रार्थना म्हणायची, धर्मातले जे तत्त्व आईला स्वतःला पटलेले नाही ते मुलीला शिकवायचे की नाही, मुलगी इंग्रज म्हणून वाढवायची की आपल्या देशाची म्हणून, हे सगळे वादाचे विषय होते. ज्यांचे छप्पर डोक्यावर आहे त्यांच्याशीच रमाबाई आपल्या लेकरावरच्या हक्कासाठी भांडत होत्या. आसरा देणाऱ्याने लेकराच्या मनावर हक्क सांगितला, असा हा व्यवहार होता.

१८८६ मध्ये रमाबाई मनोरमेला घेऊन अमेरिकेला गेल्या. तिथे बालवाडीच्या शिक्षणपद्धतीचा अभ्यास, पुस्तकाचे लिखाण आणि गावोगाव भाषणे सुरू झाली. या धावपळीत लेकराला सोबत ठेवणे जमेना. मनोरमेला पुन्हा इंग्लंडात सिस्टरांकडे पाठवावे लागले. जिच्यावरच्या हक्कासाठी आई भांडली, ती मुलगी शेवटी त्यांच्याच हाती द्यावी लागली. यात आईचा दोष काढणारे तेव्हाही होते. पण दोन्ही हात कामात असलेल्या एकट्या विद्यार्थिनीने लेकरू ठेवायचे कुठे, याचे उत्तर त्यांच्याकडे नव्हते.

पंडिता रमाबाईंचे काम मुख्यतः उच्चवर्णीय विधवांभोवती फिरले, हे त्यांच्या इंग्रजी पुस्तकाचे नावच सांगते. त्यांना आपल्या चळवळीच्या पूर्वज म्हणण्याचा माझा आग्रह नाही. पण त्यांच्यावर सनातनी आणि सुधारकही तुटून पडले असताना १८८५ मध्ये 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेणारे जोतीराव फुले होते, हे आपण विसरू नये. शिकणाऱ्या बाईच्या पाठीशी उभे राहण्याचा वारसा आपल्याकडे तिथून आलेला आहे.

लेकरासोबत मागे राहिलेली रमाबाई

आता तीस वर्षे पुढे, परळला येऊ. यशवंतरावांचा जन्म १२ डिसेंबर १९१२ चा. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार गेले. जून १९१३ मध्ये बडोदा संस्थानाशी करार करून बाबासाहेब अमेरिकेला निघाले. शिष्यवृत्ती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात संस्थानाची दहा वर्षे नोकरी. करार एका विद्यार्थ्याशी झाला होता. त्या विद्यार्थ्याला सहा महिन्यांचे बाळ आहे, पंधरा वर्षांची बायको आहे, आणि घरातला कर्ता बाप नुकताच गेला आहे, ही गोष्ट त्या रकमेत कुठेच मोजलेली नव्हती. त्याच पैशातून न्यूयॉर्कचा खर्च, त्यातूनच पुस्तके आणि त्यातूनच जमेल तसे घरी पाठवणे.

आपण फक्त तारखा मांडून बघू. जून १९१३ ते ऑगस्ट १९१७ बाबासाहेब परदेशात. जुलै १९२० ते एप्रिल १९२३ पुन्हा परदेशात. यशवंतराव दहा वर्षे चार महिन्यांचे झाले तोवर त्यांतली जवळजवळ सात वर्षे बाप समुद्रापलीकडे होता. तेव्हा पत्र बोटीने जायचे आणि उत्तर यायला आठवडे लागायचे. मूल आजारी पडल्याची बातमी पोचेपर्यंत ते मूल बरे झालेले असे किंवा गेलेले असे. बाबासाहेब आणि रमाई यांची चार मुले लहानपणीच वारली. १९२६ मध्ये राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेब इथेच होते, बॅरिस्टर होते, तरी ते दुःख त्यांना मोडून टाकणारे होते. मग दूर असताना घराच्या काळजीने त्यांचे काय होत असेल याचा अंदाज आपण करू शकतो.

इकडे परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत घर चालत होते. ते कसे चालले याचा साक्षीदार खुद्द बाबासाहेब आहेत. १९२८ मध्ये 'बहिष्कृत भारत'मध्ये त्यांनी स्वतः लिहिले आहे की ते परदेशात असताना प्रपंचाची काळजी रात्रंदिवस त्यांच्या पत्नीने वाहिली आणि ते परत आल्यावरही तिला डोक्यावरून शेण वाहावे लागले. त्या लेखाच्या मथळ्यात त्यांनी शब्द वापरला तो 'ऋण'. ऋण म्हणजे कर्ज. कर्ज ज्याच्यावर असते त्याने ते फेडायचे असते. 'त्याग' म्हटले की देणाऱ्याचा गौरव करून घेणारा मोकळा होतो. बाबासाहेब मोकळे झाले नाहीत. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथही त्यांनी रमाईच्याच स्मृतीला अर्पण केला आणि अर्पणपत्रिकेत त्या ओढगस्तीच्या दिवसांची आठवण ठेवली.

कोलंबियाच्या पदवीमागे सयाजीराव महाराजांचे साडेअकरा पौंड होते, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच पदवीमागे परळमधल्या एका तरुण बाईचे विनामोबदला श्रम होते. तेही शिक्षणाच्या खर्चातच धरले पाहिजेत. संस्थानाने जे दिले नाही ते तिने दिले.

"बाबासाहेब उपाशी राहून शिकले, तुम्हाला भत्ता हवा?"

हा प्रश्न मी आपल्याच कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकला आहे. त्याला इतिहासानेच उत्तर दिलेले आहे. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परत यावे लागले. उपास काढायची तयारी असूनही शिक्षण थांबले, कारण पैसा थांबला. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पै-पै साठवली, शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले, तेव्हा कुठे १९२० मध्ये ते पुन्हा जाऊ शकले. मधली तीन वर्षे गेली ती गेलीच.

आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, पुढच्या पिढीला बाबासाहेबांनी "माझ्यासारखे उपाशी राहा" असे सांगितले नाही. व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून गेल्यावर त्यांनी १९४२ च्या निवेदनात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना सरकारी खर्चाने परदेशी उच्च शिक्षणाला पाठवण्याची मागणी केली. त्यानंतर सरकारने शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद केली आणि आपली मुले इंग्लंडला गेली. आपण सोसलेले दुसऱ्याला सोसावे लागू नये म्हणून सत्तेकडे हक्काने पैसा मागणे, हा बाबासाहेबांचा मार्ग आहे. सोसण्याचीच पूजा करत बसणे हा त्यांचा मार्ग नव्हे.

आजचा अर्ज आणि त्यातला नसलेला रकाना

आज केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे, राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या योजनेत वयाची अट ३५ वर्षे आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची अट ८ लाख रुपये आहे. ३० टक्के जागा मुलींसाठी आहेत. आता आपल्या घरातली परिस्थिती बघा. पदवी, मग नोकरी करत एमए, मग घरच्यांचा आग्रह आणि लग्न. पहिल्या पिढीतला विद्यार्थी परदेशी विद्यापीठाच्या दारात पोचतो तेव्हा तो किंवा ती तिशीच्या आसपास असते आणि बऱ्याचदा पदरात मूल असते. ज्यांच्या घरी तीन पिढ्या इंग्रजी आहे त्यांची मुले बाविसाव्या वर्षी सडेफटिंग निघून जातात. म्हणजे विद्यार्थी-पालक असणे हा आपल्याकडे योगायोग नाही. त्यामागे जात आणि वर्ग आहे.

या योजनेत शिक्षण शुल्क आहे, निर्वाह भत्ता आहे, किरकोळ खर्च, व्हिसा शुल्क, वैद्यकीय विमा, विमानभाडे आहे. लेकरासाठी रकाना नाही. ब्रिटनसाठीचा निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड असा ठरलेला आहे, तो एकट्या माणसाचा. मूल सोबत न्यायचे तर त्या मुलाच्या व्हिसासाठी सरकारी आरोग्यसेवेचा अधिभारच वर्षाला ७७६ पौंड भरावा लागतो. शिवाय त्याच्या निर्वाहाचे पैसे खात्यात वेगळे दाखवायचे. पाळणाघराचा खर्च निराळाच. १ जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब आणायला बंदी घातली. संशोधन करणारे आणि पूर्ण सरकारी शिष्यवृत्तीवर आलेले एवढ्यांनाच मुभा ठेवली. म्हणजे आपल्या शिष्यवृत्तीधारकांसाठी कायद्याचे दार उघडे असू शकते, पण आत जायला लागणारा पैसा आपलेच सरकार देत नाही. अमेरिकेत विद्यार्थ्याच्या जोडीदाराला येता येते, पण त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. म्हणजे एका भत्त्यात तिघांनी राहायचे.

परिणाम काय होतो? पुरुष असेल तर तो जातो आणि बायको-लेकरे सासरी किंवा माहेरी राहतात. घरात नव्याने एक 'रमाई' तयार होते. बाई असेल तर बहुधा ती अर्जच करत नाही. अर्ज भरायला मदत मागणाऱ्या मुलींशी बोलताना मी हे वारंवार पाहते. विद्यापीठाचे प्रवेशपत्र हातात असते, आणि घरातली बैठक "लेकराचं काय?" या एका वाक्यावर मोडते. हा प्रश्न जाणाऱ्या बापाला सहसा विचारला जात नाही. परित्यक्ता किंवा विधवा मुलींच्या बाबतीत तर तो १८८३ मध्ये होता तिथेच आहे.

हे अशक्य नाही. कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीत ठरावीक अटींवर मुलांसाठी भत्ता मिळतो. जर्मनीच्या डाड संस्थेच्या शिष्यवृत्तीतही कुटुंबासाठी पूरक रक्कम मिळू शकते. परदेशी सरकारांना विद्यार्थ्याचे मूल दिसते, मग रमाईच्या देशातल्या सामाजिक न्याय खात्याला ते का दिसू नये?

म्हणून रमाई जयंतीच्या मंचावरून यापुढे तीन गोष्टी बोलल्या जाव्यात. केंद्र आणि राज्य दोन्ही योजनांत सोबत नेलेल्या मुलासाठी वेगळा भत्ता, व्हिसा खर्च आणि विमा मिळावा. मूल मागे ठेवून जाणाऱ्यांसाठी घरी थेट निर्वाह रक्कम मिळावी. बाळंतपण आणि संगोपनात गेलेल्या वर्षांइतकी वयाची सवलत आयांना मिळावी. आणि सरकार जागे होईपर्यंत आपणही काही करावे. जयंतीच्या मंडपावर, डीजेवर आपण जेवढा खर्च करतो त्यातला एक हिस्सा वस्तीतल्या एखाद्या विद्यार्थिनीच्या लेकरासाठी बाजूला काढावा. ज्या घरात बायको शिकायला जाते तिथे नवऱ्याने स्वयंपाक, शाळा, दवाखाना उचलावा, आणि त्याला कुणी 'बाईलवेडा' म्हटले तर मंडळाने त्याच्या बाजूने उभे राहावे.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये ऋण लिहून ठेवले आहे. फेडण्याची जबाबदारी आपल्यावर आहे. पुढच्या ७ फेब्रुवारीच्या आधी आपल्या मंडळाच्या लेटरहेडवर हे निवेदन लिहा आणि समाजकल्याण कार्यालयात देऊन पोच घ्या.

जय भीम!