चेंडूला विटाळ नव्हता

सिंगापूरच्या सेरंगून रस्त्याच्या परिसरात, बालेस्टियर आणि टेसेनसन या रस्त्यांवर भारतीय आणि सिलोनी लोकांच्या क्रीडासंस्था जवळजवळ आहेत: १९२३ ची इंडियन असोसिएशन, १९२८ चा सिलोन स्पोर्ट्स क्लब आणि १९३१ ची खालसा असोसिएशन. तिकडे पाडांग मैदानावर गोऱ्यांनी काढलेला क्रिकेट क्लब १८५२ पासूनचा, तर युरेशियनांनी काढलेला रिक्रिएशन क्लब १८८३ चा. मुंबईतही हीच मांडणी होती; पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने १८८५ ते १८९४ या काळात उभे राहिले. इंग्रजांच्या राज्यात क्रिकेट रुजलं ते असं जमातीजमातींचे वाफे पाडून. तरीही खेळानेच माणसं जवळ आणली, मैदानाने जातपात पुसली, असं आपण अभिमानाने सांगतो आणि दाखला देतो तो गोलंदाज पळवणकर बाळूंचा. हा दाखला नीट तपासला पाहिजे, कारण बाळूंच्या वाट्याला आलेली भिंत दोन जमातींमधली नव्हती, ती हिंदू संघाच्या आतच होती.

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. कुटुंब चांभार, वडील लष्करात. पुण्यात पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायची आणि तिच्यावर रोलर फिरवायचा, महिना तीन रुपये, ही त्यांची पहिली नोकरी. १८९२ मध्ये ते गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. जाळी बांधणं आणि खेळपट्टी आखणं या कामांच्या जोडीला साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचं काम आलं. तिथला फलंदाज कॅप्टन ग्रेग इतरांच्या तासभर आधी येऊन त्यांच्या गोलंदाजीवर सराव करी. त्याला बाद केलं की आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. त्या तासन्‌तासांच्या राबणुकीतून डावखुऱ्या फिरकीची विलक्षण हुकमत आली. यावर कुणी म्हणेल, मग संधी इंग्रजांनीच दिली ना? पण तिथे बाळूंच्या हाती बॅट कधी आली नाही. फलंदाजी साहेबांची आणि गोलंदाजी नोकराची, ही वाटणी पक्की होती. साहेबांना हवा होता सराव. त्यातून कला घडवली ती बाळूंनी.

पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतलं ते गोऱ्यांना हरवायचं होतं म्हणून, आणि त्यालाही काही ब्राह्मण खेळाडूंचा विरोध होता. मैदानात एकच चेंडू सगळ्यांच्या हातून फिरे. कातड्याच्या त्या चेंडूचा कुणाला विटाळ होत नसे. चहाची वेळ झाली की मात्र इतरांना चिनी मातीचे कप आणि बाळूंना पॅव्हिलियनच्या बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचं ताटही वेगळं, मेजही वेगळं. बरोबर खेळता, तर बरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, हे न्यायमूर्ती रानड्यांना सांगावं लागलं. म्हणजे जिंकण्याच्या गरजेने भेदाला सीमारेषेचा दोर ओलांडून मैदानात येऊ दिलं नाही इतकंच. दोराबाहेर तो जागचा हलला नव्हता.

कर्तृत्वात तर काही उणं नव्हतं. प्लेगच्या काळात मुंबईला आल्यावर ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा वाटा मोठा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेला संघ २३ पैकी १५ सामने हरला. त्याच दौऱ्यात बाळूंनी एकूण ११४ बळी घेतले, तेही एकोणिसाच्या आतल्या सरासरीने. रणजितसिंहजी १८९६ मध्ये इंग्लंडकडून कसोटी खेळले, तेव्हा त्यांच्यामागे राजघराण्याचं नाव आणि केंब्रिज होतं. बाळूंपाशी फक्त डावा हात होता.

तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. त्या काळी ते फलंदाजाकडेच जाई, असा बचाव करता येईल. पण १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळलं गेलं, त्याच वेळी त्यांचा भाऊ विठ्ठल याला कर्णधारपद देताना डावललं गेलं, आणि विठ्ठल तर फलंदाजच होता. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे दोघे भाऊ संघाबाहेर पडले आणि अन्याय जातीमुळे झाल्याचं त्यांनी जाहीर पत्रकातून सांगितलं. मग तडजोड झाली, बाळू उपकर्णधार झाले, आणि १९२३ मध्ये विठ्ठलने हिंदूंचं नेतृत्व करून जमातवार संघांची चौरंगी स्पर्धा जिंकली. बळींच्या आकड्यांनी वीस वर्षांत जे साधलं नव्हतं, ते बहिष्काराने तीन वर्षांत साधलं.

शेवटचा आक्षेप राजकारणाचा. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे थेट डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. मग त्यांना भेदाविरुद्धच्या लढ्यात कसं बसवायचं? ते आंबेडकरांपेक्षा नेमस्त होते, हे मान्य करावं. हिंदू समाज आतून बदलेल ही त्यांची आशा होती, आणि ज्या संघात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, तिथे ती काही अंशी फळलीही होती. मतदारांनी दुसरी वाट निवडली, कारण चहाच्या वेळचं ते मातीचं भांडं हाच त्यांचा रोजचा अनुभव होता. बाळूंची थोरवी त्याने कमी होत नाही. मात्र खेळाने त्यांचा उद्धार केला, ही गोष्ट सांगणं आपण थांबवावं. खेळाला त्यांनी आणि त्यांच्या भावांनी न्याय्य व्हायला भाग पाडलं, आणि मान द्यायचा तो त्या आग्रहाला.