नाव गहाण ठेवता येतं का?

दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाची वेबसाइट अचानक बंद पडली होती, आठवतंय? गणपती तीन आठवड्यांवर आले होते आणि सगळ्यांचे फोन मला येत होते. खरं कारण आज कबूल करतो. आपल्या डोमेन नेमचं, म्हणजे वेबसाइटच्या नावाचं, वार्षिक नूतनीकरण माझ्या क्रेडिट कार्डावर होतं. कार्डाची मुदत संपली, सूचनेच्या ईमेल मी कधी न उघडणाऱ्या जुन्या पत्त्यावर जात राहिल्या, आणि सवलतीचे दिवसही उलटले. वीसेक वर्षं वापरलेलं नाव कुणीतरी उचललं. परत हवं असेल तर ३,६०० डॉलर. एकदम जमत नसतील, तर महिना १८० प्रमाणे २४ हप्ते!

"अरे, दहा-पंधरा डॉलरच्या वस्तूला हप्ते? ही काय गाडी आहे का लोन काढायला?" कमिटीच्या मीटिंगमध्ये खजिनदार काका म्हणाले. मी गप्प. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला डोमेन नेम कसं चालतं ते शिकवलं होतं, ते विकत कसं घेतात हे नव्हतं. अपराधी मनाने त्या रात्री वाचायला बसलो आणि एक मजेदार इतिहास हाती लागला.

पहिलं डॉट कॉम नाव नोंदवलं गेलं १५ मार्च १९८५ रोजी, मॅसॅच्युसेट्समधल्या सिम्बॉलिक्स या कॉम्प्युटर कंपनीच्या नावाने. तेव्हा नाव फुकट मिळायचं! पैसे घ्यायला सुरुवात झाली सप्टेंबर १९९५ मध्ये, दोन वर्षांचे १०० डॉलर. नोंदणीचं काम तेव्हा नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीकडे होतं. फुकटच्या वस्तूला दर लागला आणि पाठोपाठ बाजारही आला. मार्क ऑस्ट्रॉफ्स्की या गृहस्थांनी बिझनेस डॉट कॉम हे नाव दीड लाख डॉलरला घेतलं, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं असेल. १९९९ मध्ये त्यांनी ते ७५ लाखांना विकलं.

एवढी रक्कम म्हटल्यावर पहिला प्रश्न विश्वासाचा. आधी पैसे की आधी नाव? घर घेताना आपण एस्क्रो पाहिलेलाच आहे. तिऱ्हाइताकडे पैसे ठेवायचे आणि ताबा मिळाला की ते विकणाऱ्याला द्यायचे. १९९९ मध्येच एस्क्रो डॉट कॉम ही कंपनी निघाली. पुढे या पद्धतीत आणखी एक सोय झाली. हप्ते फिटेपर्यंत नावच तिऱ्हाइताकडे ठेवायचं. घेणारा त्यावर वेबसाइट चालवतो, पण मालकीची नोंद त्याच्या नावावर होत नाही. आपल्याकडे साठेखत आधी आणि खरेदीखत नंतर, तसंच. हप्ते चुकले तर नाव मूळ मालकाकडे परत आणि भरलेले पैसे बहुधा बुडीत.

हप्त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण लास व्हेगास डॉट कॉमचं. २००५ मध्ये व्हेगास डॉट कॉम या कंपनीने ते घेताना सुरुवातीला १ कोटी २० लाख डॉलर दिले आणि पुढे २०४० पर्यंत दरमहा हप्ते कबूल केले. एकूण आकडा सुमारे ९ कोटी डॉलर! आपलं घराचं कर्ज तीस वर्षांचं, हे पस्तीस वर्षांचं. आणि गंमत म्हणजे डॉट कॉम नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठीच नोंदवता येतं.

इथेच सावकाराची खरी अडचण आहे. जमीन गहाण ठेवली तर सात-बारावर बोजा चढवता येतो. नाव गहाण ठेवता येतं का? २००० मध्ये व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की डोमेन नेम हा नोंदणी कंपनीच्या सेवेचा करार आहे, त्यामुळे वसुलीसाठी ते जप्त करता येणार नाही. फोन कनेक्शन गहाण ठेवण्यासारखंच झालं हे.

उलटा निकाल आला तो दिवाळी अंकात छापायला संकोच वाटावा अशा तीन इंग्रजी अक्षरांच्या नावावरून. (ओळखलं असेलच!) मॅच डॉट कॉम काढणाऱ्या गॅरी क्रेमेन यांनी ते १९९४ मध्ये नोंदवलं होतं. १९९५ मध्ये एका भामट्याने बनावट पत्र पाठवून ते स्वतःकडे वळवलं. क्रेमेन वर्षानुवर्षं कोर्टात लढले, नाव परत मिळवलं, आणि २००३ मध्ये फेडरल अपील कोर्टाने डोमेन नेम ही मालमत्ताच असल्याचं मान्य केलं. मालमत्ता म्हटली की तारण आलंच. तेच नाव २००६ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरला विकलं गेलं, तेही कर्ज काढून. कर्ज थकलं. सावकाराने मार्च २०१० मध्ये लिलाव पुकारला, पण ऐन वेळी इतर देणेकऱ्यांनी खरेदीदार कंपनीविरुद्ध दिवाळखोरीचा अर्ज केला आणि लिलाव थांबला. शेवटी त्याच वर्षी ते १ कोटी ३० लाखांना गेलं.

अलीकडचे मोठे सौदे वेगळ्या वाटेने झाले. २०१९ मध्ये व्हॉइस डॉट कॉम ३ कोटी डॉलरला, संपूर्ण रोखीत. मूळचे भारतीय असलेले धर्मेश शाह यांनी २०२३ मध्ये चॅट डॉट कॉम १ कोटी ५५ लाखांना घेतलं. २०२४ मध्ये ते ओपनएआयकडे गेलं, तेव्हा मोबदल्यात शेअर घेतल्याचं त्यांनी सुचवलं होतं.

रोख, हप्ता, तारण, शेअर, वाट कुठलीही असो, एक गोष्ट मला पटली. नाव आपण "घेत" नाही, सांभाळतो. कोट्यवधींचं नाव असो की आपल्या मंडळाचं, नूतनीकरण चुकलं की हातातून गेलं.

पुढच्या मीटिंगमध्ये हे सगळं सांगितलं. काका म्हणाले, "म्हणजे पागडीची खोली म्हण की!" आणि हप्त्यांना हो म्हणाले. नाव मात्र तिऱ्हाइताकडेच ठेवायचं ही आपली अट विकणाऱ्याने मानली. पहिले सहा हप्ते मी भरले, ते माझं प्रायश्चित्त.

शेवटचा हप्ता या गणपतीत फिटला. नाव आता मंडळाच्या खात्यावर आहे, दहा वर्षांचे पैसे आगाऊ भरलेत, आणि सूचना तीन जणांना जातात. त्यातले एक खजिनदार काका. ते ईमेल रोज उघडतात.